‘अट्रॅक्टिव्ह’ची दुरुस्ती

३ ऑगस्ट, रविवार
मराठी मंडळाचं पत्रक काल सगळ्यांना ईमेलने गेलं. संपादक मीच. अनुराधाला इंजिनियर लोकांच्या संस्थेचं बक्षीस मिळालं, ती बातमी पहिल्या पानावर घेतली. ‘आपले संपादक शिरीष यांच्या अट्रॅक्टिव्ह पत्नी अनुराधा यांना पारितोषिक.’ बायकोचं इतकं जाहीर कौतुक ऑकलंडमध्ये कुठल्या नवऱ्याने केलंय? ती ‘छान’ म्हणाली. तेव्हापासून बोललेली नाही. बहुतेक भारावली आहे.

५ ऑगस्ट, मंगळवार
भारावलेली नाही. सकाळी म्हणाली, मंडळातल्या सुशीलच्या प्रमोशनची बातमी दिलीस, तेव्हा त्याला अट्रॅक्टिव्ह म्हणाला होतास का? म्हटलं, सुशीलला टक्कल आहे. हे उत्तर चुकलं असावं. पेनरोजला कामावर, डेपोत, लंच ब्रेकमध्ये ठरवलं: घरी गेल्यावर सरळ सॉरी म्हणायचं. मोटरवेवर ट्रॅफिक. फ्लॅट बुशला घरी पोचेपर्यंत मूड गेला. उद्या नक्की.

७ ऑगस्ट, गुरुवार
सॉरीपेक्षा संशोधन बरं. एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची इथली वर्तमानपत्रं ऑनलाइन फुकट वाचता येतात. तेव्हाचे पत्रकार हा शब्द आदराने वापरायचे हे सिद्ध केलं, की मी सुटलो. तासाभरात सापडलं: ‘अट्रॅक्टिव्ह तरुण लेडी डॉक्टर’. घ्या! डॉक्टरसुद्धा.

९ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ११
त्रेसष्ट उतारे झाले. एक्केचाळीस बायका. बाकी बंगले, पडदे, वॉलपेपर आणि सेलमधले भाव. पुरुष एकही नाही. एका बाईने एकटीने विमान चालवत नेलं होतं. बातमीत तिचे केस, ड्रेस, हॅट, हसणं सगळं आहे. कुठून कुठे गेली ते शेवटच्या ओळीत. ती बातमी दोनदा वाचली.
आमची मुलगी इरा चौदा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. खांद्यावरून वाचून म्हणाली, ‘सो मम इज वॉलपेपर?’
कपडे मशीनला लावायचे राहिले. संशोधनामुळे.

१० ऑगस्ट, रविवार
आज माफी मागणार होतो, पण लेख रंगात आला. बारा पानं. अनुराधाची माफी पान नऊवर, तळटीपेत. मनावरचं ओझं बरंच उतरलं.

१३ ऑगस्ट, बुधवार
तिला लेख दिला. रेनकोटही न काढता उभ्याउभ्या चाळला. माझं नाव कुठे आहे, म्हणाली. तळटीप दाखवली. लेख नको, दोन ओळींची दुरुस्ती छाप, म्हणाली. पाच मिनिटांचं काम. वीकेंडला करतो.

१६ ऑगस्ट, शनिवार
सकाळी बसलो. ‘अनुराधा यांना त्यांच्या’ इथे अडकलो. त्यांच्या काय? बक्षीस कशासाठी मिळालं मला माहीत नाही. समारंभाला होतो मी. सूट घालून. तिचं नाव पुकारलं तेव्हा जेवणाच्या रांगेत होतो.
इराला हळूच विचारलं. तिने फोन बाजूला ठेवला. मग चक्क मराठीत म्हणाली, ‘बाबा, टाकानिनीचं पाणी.’ तिथल्या नव्या वस्तीत पावसाचं पाणी घरांत शिरायचं. ते बाहेर काढायची सगळी व्यवस्था आईने केली. दोन वर्षं लागली. भर पावसात शनिवारी अनुराधा बाहेर पडायची ती त्यासाठी. मला वाटायचं, शॉपिंग.
दुरुस्ती लिहिली. सहा ओळी झाल्या. खोडावी अशी एकही नव्हती.

१७ ऑगस्ट, रविवार
दुरुस्ती पाठवण्याआधी अनुराधाला दाखवली. तिने एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि ‘पाठव’ म्हणाली. मग मी सॉरी म्हणालो. तोंडाने. ‘हं,’ म्हणाली.
बाहेर धो धो. ती गमबूट घालत होती. येऊ का, विचारलं. ‘ये, पण कंटाळलो म्हणायचं नाही.’
टाकानिनीला तिने खणून घेतलेल्या एका मोठ्या खड्ड्याच्या काठी तासभर छत्री धरून उभा होतो. खड्ड्यात पाणी येत होतं आणि पलीकडून जात होतं. यात बक्षीस देण्यासारखं काय ते कळेना. तिला विचारलं. तिने हातवारे करून सगळं समजावलं. तरी कळलं नाही.
परत विचारलं.