नऊ तासांवरचा दादा

सोमवार, ३ मार्च

बघतो म्हणे! आईचं हृदयाचं ऑपरेशन, आणि दादा परदेशातून सांगतो — बघतो. डॉक्टर रोज बजावतायत, थांबू नका. आई संमतीच्या कागदावर सही करत नाही. मोठा आल्याशिवाय नाही म्हणजे नाही. वर नर्सला समजावत होती, सकाळी निघाला तर रात्री जेवायला इथे, नऊ तासांचा तर प्रवास.

नऊ तास. तेवढेही जड होतात याला! रजेचं रडगाणं आपलं चालूच.

मंगळवार, ४ मार्च

फोनवर कडाक्याचं भांडले. नऊ तास निघत नाहीत का आईसाठी, म्हटलं. तो थंडपणे म्हणाला, "नऊ तासांचं विमान कुठलं गं? मलाही सांग, बसतो."

खवचट! म्हणे दोनदा विमान बदलायचं, मध्ये एका विमानतळावर रात्रभर ताटकळायचं, दीड दिवस धर.

थापा. नऊ तास मी स्वतः लिहिलंय, आमच्या प्रवासाच्या वेबसाइटवर. नोकरीतलं पहिलं पान — आपलं शहर ते दादाचं शहर, अंतर साडेसात हजार किलोमीटर, वेळ नऊ तास. मुद्दाम मागून घेतलं होतं. आईने चष्मा लावून दोनदा वाचलं, शेजारणीलाही दाखवलं.

बुधवार, ५ मार्च

थापा नाहीत. थेट विमान नाहीच. कधी नव्हतंच!

आमची पद्धत अशी — नकाशावर सरळ रेघ, भागिले विमानाचा वेग, चढ-उताराला अर्धा तास वर. झालं पान. त्या रेघेवरून विमान उडतं का, हे कुणीच बघत नाही. मीही नाही. दोन वर्षं शहरांना शहरं चिकटवतेय, शेंबडं पोर वहीत चित्रं चिकटवेल तशी.

ऑफिसात सरांना म्हटलं, ते पान आधी काढा. (सरांना आम्ही मागे पट्टी म्हणतो.) पट्टी हसला. "अगं, आपलं वाचून कुणी विमानात बसतं का?"

पाण्याची बाटली त्याच्या डोक्यात घालणार होते. झाकण लावून ठेवून दिली. माझ्याच डोक्यात घालायला हवी होती.

गुरुवार, ६ मार्च

दादाला रजा मिळाली. पुढच्या आठवड्यात! डॉक्टर म्हणतात, तोवर थांबणं धोक्याचं.

आईला सांगून टाकलं. पान चुकीचं होतं, दीड दिवस लागतो, मलाच माहीत नव्हतं. वाटलं, चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. सही नाहीच. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि सगळ्या जगाला शिव्या घातल्या. मनातल्या मनात, हॉस्पिटल आहे.

शुक्रवार, ७ मार्च

सकाळी आईने स्वतःच कागद मागितला. सही केली. आत नेताना माझा हात धरून म्हणाली, "दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नाही गं मी. वाटायचं, एवढा जवळ आहे आणि येत नाही."