मोकळ्या जागेतला क्लॅरनेट

मु. दिघोरी

आदरणीय मधुकरराव भाऊजी,

तुमाले तेजरामचा, वाकता येते तेवढा वाकून, जय भीम. गुडघा कसा आहे? आमच्या बाईचा (बहीण माझी, पण हुकूम तुमच्यावर) खोकला थांबला का? राखीच्या लग्नाच्या गडबडीत ती दवा घेत नसेल, तुम्हीच डोळे वटारा. इकडे धान पोत्यात भरून झाला आहे. आता दिवसभर पोत्यांजवळ मी आन् उंदीर, दोघंच. दोन वर्षांआधी तुमच्याकडं ठेवाले दिलेली माझी क्लॅरनेटची पेटी तुमच्या लोखंडी आलमारीत नीट असेल. असो, पेटीचं सहज लिहिलं.

तब्येतीचं म्हणाल तर तोंडाचा लकवा होता तिथंच आहे. चहा अर्धा पोटात जाते, अर्धा सदऱ्यावर. उजवा डोळा मिटत नाई, म्हणून पापणी लवली की एकटा डावाच मिटते आन् समोरच्याले वाटते, बुढा डोळा मारून राहिला. परवा बँकेतल्या बाईनं त्यापायी मले असं झापलं की मी काम न करताच वापस आलो. विमलाबाई (लग्नाची बायको, पण साक्ष कधी माझ्या बाजूनं दिली नाई) ते आठवून अजून हसते. हसू द्या. पण भाऊजी, ओठ मिटत नाई तर फुंक धरत नाई, आन् फुंक धरत नाई तर क्लॅरनेट म्हणजे पोकळ लाकूड. उभा जन्म ज्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, तिथं भुपेंद्रनं (मालक झाला तरी पोट्टा मनाचा चांगला) मले बसाले खुर्ची दिली आन् म्हणाला, काका, काळजी नका करू, कीबोर्डात क्लॅरनेटचं बटण आहे. बटण! त्या दिवशी मले खरंच रडू आलं, ते बी एकाच डोळ्यातून.

मग घरी बसून करू काय? चाली बांधू लागलो. गुणगुणाले ओठ लागत नाई, नाकानं भागते. पहिलीच चाल बांधली ती राखीच्या पाठवणीची. माझ्या आंगाखांद्यावर खेळलेली पोरगी, तिले मामानं दुसरं काय द्यावं? ऑर्केस्ट्राले ती नाकानंच शिकवली. ढोलकवाला अंकुश म्हणे, काका, चाल झकास आहे, पण म्हैस कुठं बांधली? त्याच्याकडं मी दुर्लक्ष केलं. चालीच्या मधात एक जागा मोकळी सुटली होती, साऱ्यांनी थांबाचं आन् मग पुन्हा उचलाचं. मुद्दाम नाई सोडली. आजवर तिथं मी असायचो, हात आपसूक थांबला.

आता जे लिहितो ते बसून वाचा. भर दुपारची गोष्ट आहे. समाजमंदिरात तालीम होती, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, विमलाबाई तिथंच दारात सूप घेऊन तांदूळ निसत होती. चाल त्या मोकळ्या जागेवर आली, सारे थांबले, आन् क्लॅरनेट वाजला. आम्ही सारे कीबोर्डवाल्या प्रफुल्लकडं पाहू लागलो. त्यानं दोन्ही हात पोलिसानं पकडल्यासारखे वर केले होते. क्लॅरनेट वाजतच होता. जागा संपली, तो थांबला, आन् पुढं उचलाले कोणातच जीव नव्हता. अंकुश लघवीले म्हणून गेला तो ढोलक सोडून घरी गेला. गाणारी दीपमाला रडत रडत मले चिमटा घेऊन पाहू लागली, काका, तुम्ही गेले का हो? तेव्हा विमलाबाई सूप न ठेवता दारातूनच म्हणाली, "गेलेला माणूस सकाळी दोन डाव भात मागते का वं?"

(तुम्ही विहार समितीचे सचिव. गावात कोणाच्या आंगात आलं तर टॉर्च घेऊन तपासाले जाणारे. म्हणून जो शब्द तुमच्या मनात आला तो मी या पत्रात लिहिणार नाई. मी बी ते मानत नाई.)

पण भाऊजी, वाजवणारा मी होतो. वरच्या सुराले हात घालण्याआधी नाकानं सुंकन् श्वास घेण्याची माझी खोड तुमाले माहीत आहे. तुम्हीच तर म्हणायचे, तेजराम, वाजवते की शेंबूड ओढते? तो सुंकन् आवाज त्या दुपारी आला. आन् तो वाजत असताना खुर्चीत बसल्या बसल्या माझी छाती रिकामी होऊन राहिली होती. घरी आरशात पाह्यलं तर खालच्या ओठावर पत्तीचा वळ. क्लॅरनेटच्या तोंडाशी जी बोरूची पातळ पत्ती असते, तिचा. दोन वर्षं जी ओठाले शिवली नाई तिचा! विमलाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली नाई. तिनं वळाले हळद लावली आन् अंगणात जाऊन उगाच कोंबड्यांवर खेकसली.

भुपेंद्रचं म्हणणं, वाजते तर वाजू द्या. आम्ही आसपासच्या लग्नांत ती चाल वाजवली आन् हरेक डाव त्या क्लॅरनेटवाल्यानं जागा भरली. आंबागडले एक बुढा माझ्याच बाजूच्या खुर्चीत बसून मले सांगे, तो दिघोरीचा तेजराम बरा झाला वाटते, पाहा कसा वाजवून राहिला. मी दुपट्ट्यानं तोंड झाकून मान हलवली. सांगतो, जळलो त्याच्यावर. माझ्यापेक्षा चांगला वाजवते लेकाचा! पण आता तो थकून राहिला. गेल्या डाव वरचा सूर फाटला, काल तालमीत नुसती हवा आली. झिजल्या पत्तीचा आवाज मी झोपेत बी ओळखतो. पेटी बंद केली तेव्हा पत्तीचं टोक झिजलेलंच होतं. बदलून करायचं काय होतं? भुपेंद्र म्हणे, राखीच्या लग्नात रिस्क नको, ती जागा बटणानं भरू. भाऊजी, मले भेव तो वाजण्याचं नाई. राखी मांडवातून निघेल, सारे थांबतील, आन् त्या जागेत कोणीच नसेल, त्याचं भेव आहे.

बाकी सारं खुशाल. बाईले, राखीले जय भीम.

तुमचा साळा,
तेजराम

ता. क. फोन काहून नाई केला म्हणाल, तर फोनवर माझे शब्द सांडतात आन् बाई रडाले लागते.

ता. क. दुसरा. बाई घरी नसेल तेव्हा आलमारी उघडा आन् पेटीतल्या क्लॅरनेटची पत्ती बोटानं पाहा. कोरडी असेल तर पेटी बंद करा, मले तसं कळवा, मी भुपेंद्रले बटणाले हो म्हणतो आन् हे पत्र चुलीत घाला. ओली असेल तर कोणाले सांगू नका, मले बी नाई. पेटीच्या कप्प्यात नवी पत्ती आहे, ती लावून द्या. नवी पत्ती लावण्याआधी घडीभर तोंडात धरून ओली करा लागते. माझे ओठ तर तुमाले माहीतच आहेत, म्हणून तेवढं तुमालेच करा लागेल.