धान कुजत काहून नाही?

बालाघाट, ऑगस्ट १९६३

चि. भोजराज, आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, माफ कर. मी शाळेत घुसलो हे वाचून तू रागावशील, म्हणून पत्र टाकायचा धीर होत नव्हता.

तुझ्या लेकीने, मैनाने, वर्गात विचारलं, "गुरुजी, धान पाण्यात कुजत काहून नाही?" पोरं हसली. तिने शाळेत जाणं सोडलं. मग मी तिचा हात धरून वर्गात गेलो आणि तेच विचारलं.

"बुढ्याले एवढंही येत नाही!" एक पोरगा ओरडला.

"चाळीस वर्षं चिखलात धानाची रोवणी केली, तरी नाही येत. तुले येते?"

कोणालाच येईना. गुरुजी हसून म्हणाले, "मलेही नाही येत." मैना खुदकन हसली.

आता प्रश्न विचारायला रोज नवे हात वर होतात. पण उत्तर अजून सापडलेलं नाही. तुला ठाऊक असेल तर लवकर कळव, सारा वर्ग वाट पाहतो आहे.

तुझा बाप,
डोमाजी