काठी पेलण्याचे दिवस

३ डिसेंबर १९७३

अंग ठणकतंय! दंड, मांड्या, कंबर – सगळंच. तालमीतल्या महादेवप्पाकाकांनी पहिल्याच दिवशी बैठकांनी घाम काढला. नंदीध्वजाच्या उंच, जड काठीला बोटही लावू दिलं नाही. "काठी पळून जात न्हाय. आधी तुला पाय हायेत का बघू दे की!"

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, सिद्धेश्वराच्या यात्रेत ही काठी वर्षानुवर्षं पेलली. मागच्या वर्षी अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. बरीचशी परत आलीय, डॉक्टर म्हणतात हळूहळू चाला. पण अप्पा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. त्यांच्या जागी मी उभा राहिलो तर बघायला तरी उठतील – एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

७ डिसेंबर

सूत पुन्हा महागलं. मालक म्हणाले, आठवड्यातून तीनच दिवस माग चालतील. नवी पेठेत डालडा नाही, रॉकेलला ही रांग! तालमीत दोन बैठकांच्या मधे सगळे हेच बोलतात. काकांचं शेंगाचटणीचं दुकान. शेंगा परवडत नाहीत म्हणून रोज बोंबलतात, आणि रोज भिजवलेल्या दाण्यांची मूठ माझ्या हातावर ठेवतात. नको म्हटलं तर – "गप खा. रुपाया वाळत चाललाय, तू तरी जाड हो!"

अशी माणसं भेटायला नशीब लागतं. खरंच.

१४ डिसेंबर

बायको, महादेवी, म्हणाली, "सदरा दंडात तटतोय. नवं कापड न्हाय मिळायचं, सांगून ठेवते." पण हसत होती!

२० डिसेंबर

आज सरावाची काठी मिळाली. बुंधा कमरेच्या पट्ट्यात टेकवला, आणि चार पावलांत गेली ना कलंडून! दोघांनी धरली म्हणून वाचलो. काका ओरडले, "हातानं काय कुस्ती खेळतोस? कमरेवर घे. अन् श्वास कोंडू नको. श्वास कोंडला की अंगाचं लाकूड होतंय."

२१ डिसेंबर

पुन्हा पडली.

२८ डिसेंबर

काकांनी हाकलून दिलं. "आज घरी झोप. अंग झोपंत भरतंय, माझ्याम्होरं न्हाय." मग अर्धा तास तेलाच्या भावावर बोलत मलाच उभं करून ठेवलं!

२ जानेवारी १९७४

काठी घेऊन तालमीपासून पारापर्यंत चाललो! धावत घरी आलो, अप्पांना सांगितलं. डोळे मिटलेलेच. "तुझ्या कमरंत दम न्हाय," एवढं म्हणाले. राग आला. जेवलो नाही. अव्वा, माझी आई, म्हणाली, "त्यांचं मनावर घेऊ नको रे, स्वतःवरच चिडल्यात ते."

१३ जानेवारी

पेलली! पेलली!

पांढरी बाराबंदी घातली, काकांनी स्वतः पट्टा आवळला. माझी पाळी आली तेव्हा हलग्या, हर्र बोला हर्र, काही ऐकू येईना. फक्त काठीचं टोक आणि आभाळ. मठाच्या वळणावर एकदम डुलली – गेली असं वाटलं – कशीबशी सावरली. पुढं देवळाजवळ अव्वा आणि महादेवी उभ्या होत्या. अव्वा रडत होती. काकांनी पाठीवर थाप मारली ती अजून झोंबतेय. सूत, शेंगा, रॉकेल, सगळं महाग असताना या माणसानं मला फुकट उभं केलं. त्यांच्या पाया पडलो.

घरी सगळे एकदमच परतलो. अप्पा तसेच, भिंतीकडे तोंड. विचारलंसुद्धा नाही. देवा सिद्धरामा, तू एवढं दिलंस, आणखी कशाला मागू? पण वाईट वाटलं.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ द्यायला अप्पांजवळ गेलो. वळून न बघताच म्हणाले, "मठाच्या वळणावर डावा पाय घाईनं टाकलास. म्हणून डुलली काठी."

ते वळण आमच्या घरातून दिसत नाही. दोन गल्ल्या चालत जावं लागतं!