आबांच्या फोटोवरचा बॅनर

प्रिय समाधान,

ही चिठ्ठी तुझ्या मेघाच्या हाती डब्यासोबत पाठवतेय. डोक्याचे टाके अजून ओले असताना तू कोठडीत दात-ओठ खात बसलायस, असं ती सांगत होती. सगळे पकडले गेले आणि दोस्तांपैकी स्वप्नील तेवढा निसटला, म्हणजे त्यानेच खबर दिली, सुटलो की आधी त्याचे हातपाय तोडतो, असं तू तिला म्हणालास. तुझं टाळकं थंड व्हायची वाट बघितली तर एखाद्याचा जीव जायचा.

धुळ्यात तू शेवभाजीचं हॉटेल काढलंस तेव्हा सगळ्यांत आधी मीच खूश झाले. रस्सा तुझ्या हातचा, बोटं चाटत राहावी असा. पण तू काय केलंस? भलामोठा बॅनर छापलास. त्यावर गॉगल घालून, दंड फुगवून तू, खाली ‘खान्देशचा वाघ’, आणि शेवभाजी कुठे, तर कोपऱ्यात, बशीएवढी! तो चौकात दिसेल त्या जागी बांधलास. तिथे झिपरू आबांचा श्रद्धांजलीचा बॅनर होता. त्यांचा दहावासुद्धा झाला नव्हता. अख्ख्या गल्लीच्या अडीअडचणीला धावलेला म्हातारा, आणि त्याच्या फोटोवर तू आपलं थोबाड चढवलंस. अरे, ज्यांना जेवायला बोलवायचं त्यांच्याच सुतकात ढोल बडवलास.

मग आबांचा मुलगा अभिमन चुलतभावांसह दांडके घेऊन आला. काउंटरच्या काचा फुटल्या, उकळता रस्सा फरशीवर सांडला आणि त्यातच पाडून त्यांनी तुला तुडवलं. पाठ भाजली, डोकं फुटलं. ऐकल्यावर मीही चुलीतलं लाकूड घेऊन उठले होते, खोटं कशाला बोलू? त्यांच्यावर केस व्हायलाच हवी. तरी धुळ्याला उतरल्यावर मी आधी आबांच्या घरी गेले. अभिमन दारातूनच ओरडला, “अक्का, तुना भाऊनी मना बापना तोंडवर सोतानं तोंड लायं!”

पिंप्राळ्यात मी ज्वारीचे बिबडे-पापड विकायला लागले तेव्हा साधी पाटी नाही म्हणून तू हसला होतास. मी आधी बघितलं, ते हवेत कुणाला. जुन्या घरांतल्या बाया स्वतःच करतात, तिथे कशाला कडमडू? नव्या कॉलनीत नवरा-बायको दोघं नोकरीला, वाळवायला गच्ची नाही, जीभ मात्र खान्देशी. उन्हाळ्यात अर्धवट वाळलेला ओला बिबडा तेल-तिखट लावून त्यांच्या दारी चाखायला दिला. ज्याला त्याला आपली आई आठवली. पुढचं त्यांनीच एकमेकींना सांगितलं. तुलाही नावच हवं होतं ना? झालं की आता, आरोपी म्हणून.

कारण तुला पुढे सुचलं ते काय, तर हॉटेलातल्या कांद्याच्या गोण्यांखाली कोयते, पाइप लपवायचे आणि आबांच्या तेराव्याच्या मांडवात घुसायचं. तिथे पंगतीला बाया-पोरं बसणार होती, समाधान.

स्वप्नीलला हात लावू नकोस. तो मूर्ख आहे, पण फितूर नाही. गोण्या मी उचलून बघितल्या आणि पोलीस चौकीची पायरी मीच चढले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा चढेन. हातपाय तोडायचेच असतील तर माझे तोड. पिंप्राळ्यात कुणालाही विचार, घर दाखवतील.

तुझीच,
दिपमालाअक्का