रजेवर गेलेला हिरो

आबा, मागच्या रविवारी तो वाळवंटातल्या लढाईचा इंग्रजी सिनेमा मी तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्यांदा तुमच्याबरोबर पाहिला होता, सांगलीला, महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात. त्या सिनेमावरून तुमच्यावर जो राग धरलाय तो अजून पुरता उतरलेला नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, समोर बसून भांडायची सोय नाही, म्हणून कागदाशी भांडते आहे. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. लिहून झालं की टेबलाच्या खणात जाईल.

गुळाची गाडी घेऊन तुम्ही पेठेत जायचात तेव्हा आई, काकी आणि मी मागे बसून यायचो, आणि सौदा उरकला की दुपारच्या खेळाला जायचो. थिएटरात मधोमध सुंभाची दोरी, अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. तुम्ही नेमके दोरीला खेटून, अधू पाय लांब करून बसायचात, आणि इंग्रजी सिनेमा असला की आम्हाला कळावा म्हणून मोठ्याने मराठीत सांगत राहायचात. पलटणीत तुम्ही उचललेलं इंग्रजी हुकूम, रेशन, हजेरी आणि रजा एवढ्यापुरतं होतं. तेवढ्यावर तुम्ही अख्खे सिनेमे उरकलेत. एखादी गोरी बाई खिडकीपाशी उभी राहून बराच वेळ हळवं काहीतरी बोलली की तुम्ही घसा खाकरून सांगायचात, "म्हणतीया, रेशन संपलं." तिचा नवरा तिचा हात हातात घेऊन उत्तर द्यायचा. "त्यो म्हणतोय, सायबाला सांगतो." पलीकडून कुणीतरी "आवं, गप बसा की जरा" म्हणून वैतागायचं. पण वाईट याचं वाटायचं की थोड्या वेळाने तोच माणूस विचारायचा, "हवालदार, आता काय म्हणला त्यो?" सबंध थिएटर तुमच्या इंग्रजीवर चालायचं, आणि मी मान खाली घालून बसायचे.

ऐतिहासिक सिनेमा मराठीत असायचा, तिथे तरी गप्प बसावं? आटपाडीला आजोळी जत्रेच्या तंबूत बसलो होतो. पडद्यावर सरदार गड चढून आला, मुजरा केला, आणि तुम्ही म्हणालात, "घोड्याला घाम न्हाई. गड चढून आलाय का पाटावरनं उठून आलाय?" मग छाप्याचा प्रसंग, सगळे मशाली घेऊन ओरडत निघालेले. "छापा घालायचाय का लगीन लावायचंय ह्यास्नी?" लोक हसले, आणि पुढच्या बलिदानाला रडायचं सोडून तुमच्याकडेच बघत राहिले. खरं सांगायचं तर यात तुमचं काही चुकत नव्हतं. आजही तेच चाललंय, आबा. दौड करून आलेल्याचा अंगरखा इस्त्रीचा, शत्रू दिसला की तो मटण खात हसणार, आणि राजा साधं पाणी मागणार तेसुद्धा भाषण करून. मी परदेशी सिनेमे पुष्कळ पाहिले. त्यातल्या बऱ्या सिनेमांत माणसं गप्प बसतात, जेवतात, भलत्या वेळी हसतात, म्हणून ती मेली की जिवाला लागतं. आपला वीर मरायच्या आधीच पुतळा झालेला असतो. इंग्रजांचे लढाईचे सिनेमेही काही धुतल्या तांदळाचे नव्हेत. "वाळवंट म्हणं, आन् तोंडावर एक माशी न्हाई," हे तुमचं वाक्य मी मैत्रिणींना अजून ऐकवते. मत असू द्या, हो. पण ते खेळ संपल्यावर बाहेर भज्यांच्या गाडीवर सांगता आलं नसतं का?

पण माझा राग बडबडीवर नाही. धाकटे काका ब्रह्मदेशात बेपत्ता झाल्याचं पलटणीकडून कळलं, त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. त्यांच्याबरोबर गेलेले परत आले, ते आले नाहीत. काकी कुंकू लावत होती, कारण घरात तुमचा शब्द होता की तो येणार. अशात तुम्ही आम्हाला त्या वाळवंटातल्या लढाईच्या सिनेमाला नेलंत. का नेलंत ते देव जाणे. शेवटाला तो उंच, हसरा शिपाई गोळी लागून वाळूत कोसळला. काकीने पदर तोंडाशी धरला. आणि तुम्ही सगळ्या थिएटराला ऐकू जाईल असं म्हणालात, "काय झालेलं न्हाई त्याला. रजा मंजूर झालीया. घरी चाललाय आता." मग घाईने उठलात, "चला, बैलं खोळंबल्यात," म्हणालात आणि शेवट व्हायच्या आत आम्हाला बाहेर काढलंत. त्यानंतर महिनाभरात काकीचा भाऊ तिला न्यायला आला. आपल्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं; ती पंचविशीच्या आतली, पोरबाळ नाही. त्यांनी स्थळही पाहून ठेवलं होतं. तुम्ही ओसरीवर बसून त्याला म्हणालात, "पावणं, जिवंत माणसाच्या बायकूचा पाट लावता व्हय?" तो बिचारा जेवून परत गेला.

मी पुण्याला शिकायला गेले. तिथे तो सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला, आणि तोवर माझं इंग्रजी हजेरी-रजेच्या पुढे गेलं होतं. तो शिपाई मरतो, आबा. मरताना सोबत्याला सांगतो की आईला सांग, मला फार दुखलं नाही. यात तुम्ही रजा कुठून आणलीत? तुम्ही त्याआधीच्या वर्षी गेला होतात, नाहीतर त्याच दिवशी गाडी पकडून तुम्हाला जाब विचारला असता. सुट्टीत घरी आले. काकी घरामागच्या परड्यात शेंगा फोडत बसली होती, कपाळावर ठसठशीत कुंकू. माझा तोल गेला.

"काकी, तो सिनेमातला शिपाई मेलाय गं. आबांनी खोटं सांगितलं हुतं."

तिने हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "म्हाईत हाय की," ती म्हणाली. "तुजा बा भाईर काडत हुता, तवा दारात माज्या चपलंचा अंगठा तुटला. मी वळून बघितलं. त्याच्या तोंडावर कापड वडत हुते. रजंवर जाणाऱ्याच्या तोंडावर कुणी कापड वडतंय व्हय?"

मग तू गेली का नाहीस, भाऊ आला होता तर, असं काहीतरी मी ओरडून विचारलं.

"वाटलं हुतं जावं. लय वाटलं," काकी म्हणाली. "पर ह्यांना भरतीला हाताला धरून कुणी नेलं? तुज्या बानं. मी कपाळ पुसलं आसतं तर त्यो माणूस हाय खाऊन मेला आसता. घरात तुमी बारकी पोरं."

आता सांगा, कुणावर रागवायचं? तुम्ही तिला जपत होतात, ती तुम्हाला, आणि या जपण्यात तिचं वय निघून गेलं. तुमच्यानंतरही तिने कुंकू पुसलं नाही. आता सवय झाली म्हणाली. मी तुमच्यावर चिडले, तिच्यावर त्याहून चिडले, आणि सगळी सुट्टी दोघींनी एकमेकींशी कामापुरतं बोलून काढली. मला आजही वाटतं की तुम्ही त्या दिवशी गप्प बसायला हवं होतं. त्या थिएटरात तरी. एकदा तरी.

रविवारी मी एकटी नव्हते. आमच्याकडे जुने परदेशी सिनेमे दाखवणारं मंडळ आहे, तिथे शेजारणीला घेऊन गेले. तिला इंग्रजी येत नाही, पण घरात बसून तिचा जीव खालीवर होत होता म्हणून आग्रह केला. तिचा मुलगा सरहद्दीवर आहे आणि बऱ्याच दिवसांत त्याचा फोन नाही. लढाईचा सिनेमा आहे हे मी तिला आधी सांगायला हवं होतं, ते राहिलं. शेवटाला तो उंच शिपाई वाळूत पडला, ओठ हलले. शेजारणीने माझं मनगट धरलं. "काय म्हणाला गं तो?"

मला त्याचं वाक्य पाठ आहे, आबा. शब्दन् शब्द.

"रजा मंजूर झाली म्हणतोय," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले, पुढचे गृहस्थ वळून बघायला लागले. मग रिक्षा मिळणार नाही असं काहीतरी पुटपुटत तिला उठवलं आणि दारापर्यंत तिचा दंड घट्ट धरून ठेवला, तिने मागे वळून बघू नये म्हणून. तेवढं तुम्हाला सुचलं नव्हतं.