देवाला परत केलेल्या गोळ्या

प्रिय धाकटे,

माझं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते. मुंगी चालती-बोलती आहे, घरातच आहे. आत्ता बाहेरच्या खोलीत माझ्याकडे पाठ करून अभ्यासाला बसली आहे. फोन केला असता, पण फोनवर तू ‘बरं, जाऊबाई’ म्हणतेस, मीही ‘बरं’ म्हणते, आणि बोलायचं ते राहूनच जातं. कागद दोन्ही बाजूंनी लिहिते आहे. काटकसर काही सुटत नाही. शाई पलीकडे फुटली तर सांभाळून घे.

मुंगी सतरा पूर्ण झाली. चार वर्षांची असताना तू तिला माझ्या कडेवर दिलीस तेव्हा खरंच मुंगीएवढी होती, आणि साखरेच्या डब्यापाशी सापडायची. आता माझ्याहून वीतभर उंच आहे. हे म्हणतात, “नाव बदला तिचं, उंट झालाय.” तिला राग आला की डावी भुवई वर जाते, तुझी जाते तशीच. सध्या ती भुवई खाली यायचं नाव घेत नाही. पण ते पुढे सांगते.

परवा भांड्यांची फळी आवरताना तुझा पेला हाती आला. फुली मारलेला. भाऊजी गेले, मग तुझं आणि मुंगीचं रक्त तपासलं, तुम्हा दोघींच्या रक्तातही तोच एचआयव्ही निघाला, त्यानंतरचे ते तीन महिने आठवले. भाऊजींना न्यायला माणसं मिळेनात. दूधवाला दूध फाटकाबाहेर ठेवून लांबूनच हाक मारायला लागला. आणि घरात तुझं ताट वेगळं, पेला वेगळा. मी तुला म्हटलं होतं, “काय करणार गं, सासूबाईंचा हट्ट.” सासूबाई आता नाहीत, त्यांच्यावर ढकललेलं तसंच राहून जाईल, म्हणून लिहिते. त्या एका शब्दानेही काही बोलल्या नव्हत्या. खिळ्याने पेल्यावर फुली मी मारली. मॅट्रिकला शास्त्रात मला पासष्ट मार्क होते, आणि पाण्याच्या पेल्यातून हा आजार पसरत नाही एवढं मला समजलं नाही. की समजून घ्यायचं नव्हतं, देव जाणे.

तू गेलीस. बटणांच्या कारखान्यात काम मिळालं, पण राहायचं ठिकाण नव्हतं आणि मुंगीचं औषध इथल्या केंद्रावर सुरू व्हायचं होतं, म्हणून पोटचा गोळा मागे ठेवलास. मी तुला शब्द दिला होता, एकही गोळी चुकू देणार नाही. बारा वर्षं चुकू दिली नाही. कशी, ते तुला कधी सांगितलं नाही.

पाच वर्षांच्या पोरीला काय सांगणार? कडू गोळी ती थुंकायची. मग एका संध्याकाळी आठ वाजता देवापुढे दिवा लावला, तिला हात जोडायला लावले आणि म्हटलं, “ही देवाची गोळी. आधी जे हवं ते मागायचं, मग गिळायची.” गिळली. मला वाटलं, देवानेच युक्ती सुचवली. बाटलीवरचा कागद मी घरी आल्याबरोबर भिजवून काढत असे. केंद्रावरच्या कौन्सेलर बाई ती दहा वर्षांची झाल्यापासून मागे लागल्या होत्या, “आता हळूहळू खरं सांगा, मोठीआई. पोरं आपल्यापेक्षा शहाणी असतात.” मी म्हणायची, परीक्षा होऊ दे. मग दुसरी परीक्षा यायची.

त्या केंद्राच्या भिंतीवर जगाचा नकाशा आहे. जिथे जिथे हा आजार आहे तिथे टाचणी. रांगेत बसून मोजायला लागले की शंभराच्या पुढे डोळे दुखायचे. एवढी वर्षं मी समजत होते की संकट आपल्याच उंबऱ्यावर आलं, आपलंच काही पाप असेल. पण एवढ्या टाचण्या, म्हणजे तेवढ्या देशांत माझ्यासारख्या किती बायका आठ वाजायच्या आधी घड्याळाकडे बघत असतील, आणि त्यांतल्या किती जणी बाटलीचा कागद भिजवत असतील! मागच्या वर्षी एकदा खिडकीतून पंधराच दिवसांच्या गोळ्या दिल्या. परदेशातून यायची ती मदत अडली होती म्हणे. ज्या गावाचं नाव मला धड उच्चारता येत नाही तिथे कुणी सही केली नाही, आणि इथे मी उरलेल्या गोळ्या पुन्हा पुन्हा मोजत बसले.

आणि गोळ्या घरात असताना काय झालं ते ऐक. दोन महिन्यांपूर्वी मुंगीला खोकला लागला. वजन उतरलं. मी म्हटलं, अभ्यासाचा ताण. मग रक्ताचा रिपोर्ट आला. जो विषाणू इतकी वर्षं मोजतासुद्धा येत नव्हता, त्याचा आकडा पाच अंकी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या सुटल्यात. मी त्यांच्याशी भांडले गं! म्हटलं, माझ्या समोर घेते रोज, मी काय आंधळी आहे? तणतणत घरी आले आणि आपल्याला काही सुचेनासं झालं की करतो तसं झाडायला घेतलं. देवाच्या तसबिरीमागे हात घातला तर गोळ्या. धूळ बसलेल्या, काही फुटलेल्या. सत्त्याण्णव.

मुंगीला समोर बसवून विचारलं. ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, “मोठीआई, बारा वर्षं रोज आठ वाजता एकच मागितलं, आई येऊ दे. नाही आली. माझा विश्वास उडाला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गोळी जिभेखाली धरून, हात जोडून उभी राहत होते. पण देवाची गोळी कशाला फुकट घेऊ? ज्याची त्याला परत केली.”

धाकटे, औषध आणि देव यांची गाठ मीच मारली होती. पोरीने देव सोडला, औषध त्याच्याबरोबर गेलं. आता ती म्हणते, गोळी कशाची ते सांगा, मगच घेईन. डॉक्टर म्हणतात, अजून वेळ गेलेली नाही, पण अशाच सुटत राहिल्या तर गोळ्या लागू पडेनाशा होतील. दहा दिवस झाले, बाटली टेबलावर आहे, कागदासकट. ती तिच्याकडे बघत नाही. नाव वाचून शोधणं तिला काय अवघड आहे? तिला ते आपल्या तोंडून हवंय.

आणि म्हणून हे पत्र. तू दर सुट्टीत येते म्हणायचीस आणि मी कळवायची, “येऊ नकोस, लोक ओळखतील, पोरीचं बिंग फुटेल.” ती झोपली आहे, शिकवणीला गेली आहे, असं सांगून फोनही मीच तुटू दिले. तिचं मागणं देवाने नाकारलं नाही, मी दाराशी अडवलं. शुक्रवारी अकरा वाजता कौन्सेलर बाईंनी वेळ दिली आहे. आदल्या दिवशी ये. तुझी गोळ्यांची बाटली बरोबर आण, रिकामी डबी नको, भरलेली. तेरा वर्षं त्याच गोळीवर तू मशीन चालवतेस, स्वतःचं भाडं भरतेस, हे तिला माझ्या सांगण्याने नाही पटायचं. आठ वाजता देवापुढे नको, स्वयंपाकघरात तिच्या समोर बस आणि तुझी गोळी घे. पाणी मी देईन, घरातल्या कुठल्याही पेल्यातून. फुलीचा पेला मी माझ्यासाठी ठेवलाय. लोकांनी बघायचं तर बघू देत. गुरुवारी फाटकाबाहेर मी उभी असेन, मुंगीला घेऊन.

तुझीच,
जाऊबाई